उंबरठ्यावरचा निरोप : पेशीपृष्ठावरील ग्राही आणि त्यांचे कार्य

देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणीतील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चार प्रौढांमागे एकाहून अधिक व्यक्तींना हा विकार आहे, असा त्याचा अर्थ. आहार, बैठे काम, वाढलेले वजन, आनुवंशिकता अशी त्याची कारणे आपण ऐकतो. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बहुसंख्य रुग्णांना होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन रक्तात असते. प्रारंभीच्या काळात तर ते अनेकदा निरोगी माणसापेक्षा अधिकच असते. तरीही साखर रक्तातच साचून राहते. इन्शुलिन पेशीपर्यंत पोहोचते, पण त्याचा निरोप पेशीच्या आत पुरेसा पोहोचत नाही.

हा निरोप आत नेण्याचे काम पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांकडे असते, त्यांना ग्राही म्हणतात. ॲड्रेनलिन, इन्शुलिन, चेतापेशींतून स्रवणारी द्रव्ये, गंध आणि प्रकाश यांचे संदेश ग्राहींच्या द्वारेच पेशींना कळतात. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे ग्राहींच्या एकाच मोठ्या कुळावर काम करतात. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. घरातील औषधांच्या डब्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

ग्राहींची गरज का भासते?

प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे पातळ पटल असते. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. तेलात पाणी मिसळत नाही, त्याचप्रमाणे पाण्यात विरघळणारे बहुतेक रेणू या पटलातून आरपार जाऊ शकत नाहीत. स्त्री व पुरुष संप्रेरके, कॉर्टिसोल यांसारखे मेदात विरघळणारे काही रेणू थेट आत शिरतात आणि त्यांचे ग्राही पेशीच्या आतच असतात. ॲड्रेनलिन किंवा इन्शुलिन यांना मात्र ती वाट बंद आहे.

या अडचणीवर निसर्गाने काढलेला तोडगा साधा आहे. निरोप्या उंबरठ्यावरच थांबतो. निरोप तेवढा घरात जातो. ग्राहीचा एक भाग पटलाच्या बाहेर असतो, एक भाग पटलातून जातो आणि एक भाग आत असतो. बाहेरच्या भागावर ठरावीक रेणू येऊन बसला की संपूर्ण प्रथिनाचा आकार किंचित बदलतो. हा बदल आतल्या भागापर्यंत पोहोचतो आणि तेथील दुसरी प्रथिने त्यानुसार कामाला लागतात. पटल ओलांडतो तो केवळ आकारातला बदल.

कल्पनेचा इतिहास

पेशीवर अशी एखादी जागा असावी, हा तर्क ग्राही प्रत्यक्ष हाती लागण्याच्या कितीतरी आधीचा आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली हे निकोटिन आणि क्युरारे या द्रव्यांचा स्नायूंवरील परिणाम तपासत होते. निकोटिनने स्नायू आकुंचन पावे. क्युरारे दिल्यास तो परिणाम रोखला जाई. दोन्ही द्रव्ये स्नायूतील एकाच घटकासाठी स्पर्धा करीत असावीत, असे अनुमान त्यांनी काढले आणि १९०५ साली ‘ग्रहणशील द्रव्य’ ही संकल्पना मांडली. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी रोगप्रतिकाराच्या अभ्यासातून ग्राही हा शब्द रूढ केला. तथापि, पुढील कित्येक दशके ग्राही ही केवळ सोयीची कल्पना आहे, असेच अनेक शास्त्रज्ञ मानीत.

संदेश आत कसा जातो, याचा पहिला ठोस पुरावा अमेरिकेतील अर्ल सदरलँड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिला. ॲड्रेनलिनच्या प्रभावाने यकृतातील ग्लायकोजेन या साठ्यातून साखर मोकळी होते, हे तेव्हा ठाऊक होते. सदरलँड यांनी यकृतपेशी भरडून त्यांतील पटलांचे तुकडे आणि द्रवभाग वेगळे केले. नुसत्या द्रवभागात ॲड्रेनलिन घातल्यास काहीच होईना. मग त्यांनी ॲड्रेनलिन प्रथम पटलांच्या तुकड्यांत मिसळले, ते मिश्रण उकळले आणि द्रवभागात घातले. आता तेथील विकर कार्यरत झाले. उकळल्यावर प्रथिने निकामी होतात; याचा अर्थ, पटलापाशी उष्णता सोसणारा एखादा छोटा रेणू तयार झाला होता आणि पुढचा निरोप तोच नेत होता. हा रेणू म्हणजे चक्रीय एएमपी. बाहेरचे संप्रेरक हा पहिला दूत आणि आत तयार होणारा हा रेणू दुसरा दूत, अशी मांडणी पुढे रूढ झाली. या कार्यासाठी सदरलँड यांना १९७१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲड्रेनलिनचा निरोप, पायरीपायरीने

ग्राही आणि चक्रीय एएमपी यांच्यामधला दुवा शोधण्यास आणखी काही वर्षे लागली. मार्टिन रॉडबेल यांना प्रयोगांत असे दिसले की, संप्रेरकाच्या जोडीला जीटीपी नावाचा रेणू असल्याशिवाय निरोप नीट पुढे सरकत नाही. त्यावरून ग्राही आणि चक्रीय एएमपी तयार करणारे विकर यांच्या मध्ये तिसरे प्रथिन असले पाहिजे, हे स्पष्ट झाले. आल्फ्रेड गिलमन यांनी ते वेगळे करून दाखवले. त्याला जी-प्रथिन म्हणतात. या दोघांना १९९४ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रात्री रस्त्याने जाताना कुत्रा अंगावर धावून आला, असे समजू. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते आणि हृदयाच्या पेशींवरील ग्राहींवर बसते. ग्राहीचा आकार बदलतो आणि त्याच्या आतल्या टोकाशी जी-प्रथिनासाठी जागा मोकळी होते. स्वस्थ स्थितीत जी-प्रथिनाने जीडीपी हा रेणू धरून ठेवलेला असतो. ग्राहीचा स्पर्श होताच तो सुटतो व त्याच्या जागी जीटीपी येतो. यामुळे चेतलेला जी-प्रथिनाचा भाग सुटा होऊन पटलाला लगटून सरकतो आणि चक्रीय एएमपी तयार करणाऱ्या विकराला चालना देतो. चक्रीय एएमपी पेशीभर पसरतो आणि आणखी एका विकराला जागे करतो. हे विकर निरनिराळ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते. फॉस्फेट जोडले गेले की काही प्रथिने कामाला लागतात, काही थांबतात. परिणामी हृदयपेशीत कॅल्शियमची ये-जा वाढते आणि ठोके जलद व जोरकस होतात.

या साखळीत इतक्या कड्या कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर निरोपाच्या वर्धनात सापडते. एक चेतलेला ग्राही अनेक जी-प्रथिनांना चालना देऊ शकतो. एक विकर चक्रीय एएमपीचे असंख्य रेणू बनवते. पुढचे प्रत्येक विकर आणखी अनेक प्रथिनांवर काम करते. ॲड्रेनलिनचा रक्तातील अंश अत्यल्प असतो. तरी काही क्षणांत सारे शरीर सज्ज होते, ते या गुणाकारामुळे.

एकच निरोप, अनेक अर्थ

भीतीच्या प्रसंगी हृदय धडधडते, श्वासनलिका रुंदावतात आणि त्वचा फिकट पडते. तिन्ही ठिकाणी येणारे ॲड्रेनलिन एकच. फरक असतो तो ग्राहींत. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली ॲड्रेनलिनच्या ग्राहींचे आल्फा आणि बीटा असे दोन गट सुचवले. पुढे बीटा गटाचेही उपप्रकार आढळले. हृदयात प्रामुख्याने बीटा-१ ग्राही असतात. श्वासनलिकांच्या स्नायूंत बीटा-२ ग्राही असतात व ते चेतले की स्नायू सैल पडतात. त्वचेतील रक्तवाहिन्यांत आल्फा ग्राही असतात. त्यांच्या चेतनेने वाहिन्या आवळल्या जातात. निरोपाचा अर्थ निरोप ऐकणारी पेशी ठरवते.

या भेदावर औषधांची एक मोठी शाखा उभी राहिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध विकसित केले. ते बीटा ग्राहींवर जागा अडवून बसते, पण त्यांना चेतवत नाही. त्यामुळे हृदयावरचा ताण कमी होतो. दम्याच्या फवाऱ्यातील साल्ब्युटामॉल याच्या उलट काम करते. ते बीटा-२ ग्राहींना चेतवते आणि आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या होतात. हृदयविकारासाठी औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टर दम्याची चौकशी का करतात, हे यावरून कळेल. प्रोप्रॅनोलॉल हृदयातील आणि श्वासनलिकांतील बीटा ग्राहींत भेद करीत नाही. दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते.

सकाळच्या चहा-कॉफीने येणारी तरतरीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे द्रव्य साचत जाते आणि आपल्या ग्राहींवर बसून झोपेची ओढ निर्माण करते. कॅफीन त्याच ग्राहींची जागा अडवते. थकवा संपलेला नसतो; त्याचा निरोप तेवढा अडवला गेलेला असतो.

बीटा-२ ग्राहीचे जनुक रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या गटाने १९८६ साली शोधून काढले. हा ग्राही पटलातून सात वेळा आत-बाहेर करतो, असे आढळले. डोळ्यातील प्रकाशग्राहीची घडणही अशीच आहे. हे साम्य योगायोगाचे नव्हते. अशा घडणीचे सुमारे ८०० ग्राही मानवी जनुकसंचात असून त्यांपैकी जवळपास निम्मे गंधज्ञानासाठी आहेत. लेफकोविट्झ यांचे एकेकाळचे सहकारी ब्रायन कोबिल्का यांनी २०११ साली चेतलेला ग्राही आणि जी-प्रथिन यांची जोडी स्फटिकरूपात पकडून तिची रचना उलगडली. २०१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

निरोप थांबवण्याची व्यवस्था

निरोप आत पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर थांबणेही आवश्यक असते. त्यासाठी प्रत्येक पायरीवर तजवीज आहे. जी-प्रथिन आपल्याकडील जीटीपीचा एक फॉस्फेट स्वतःच तोडते आणि थंडावते. चक्रीय एएमपीचे विघटन करणारे विकर पेशीत सतत कार्यरत असते. जोडलेले फॉस्फेट काढून टाकणारी विकरेही असतात. शिवाय ग्राही फार वेळ चेतलेला राहिला, तर त्यालाच फॉस्फेट जोडले जातात, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्याला चिकटते आणि अखेर तो पटलावरून आत ओढून घेतला जातो. एकच फवारा वारंवार मारल्याने त्याचा गुण कमी होऊ शकतो, त्यामागे हे एक कारण असते.

ही व्यवस्था मोडली तर काय होते, याचे भीषण उदाहरण म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. या रोगाचे जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. या विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीवरील मेदद्रव्याच्या एका रेणूला चिकटतो आणि दुसरा भाग पेशीत शिरून जी-प्रथिनात असा बदल घडवतो की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. चालू झालेला निरोप मग थांबत नाही. चक्रीय एएमपी वाढतच जातो, पेशीतून क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते.

उपाय मात्र साधा निघाला. विषाने बिघडवलेल्या वाटेखेरीज आतड्याच्या पेशीत आणखी एक वाट असते. तेथे साखर आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात व त्यांच्याबरोबर पाणीही येते. ही वाट पटकीतही शाबूत राहते. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात, १९७१ साली, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पाजले आणि पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. बिघडलेली वाट दुरुस्त करता येत नसेल, तर शाबूत वाट वापरावी, हा त्यातील धडा मधुमेहाच्या संदर्भातही उपयोगी आहे.

ग्राहींचे अन्य प्रकार

जी-प्रथिनाच्या साह्याने काम करणारे ग्राही हा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात ग्राही हाच एक दरवाजा असतो. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटते, स्नायूवरील ग्राहीवर बसते आणि ग्राहीच्या मधोमध असलेली वाट उघडते. सोडियम आत शिरते व स्नायू आकुंचन पावतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागात घडते. लँगली यांचे ‘ग्रहणशील द्रव्य’ ते हेच. नागाच्या विषातील काही प्रथिने नेमके हे ग्राही अडवतात. चेतातंतू आज्ञा देत राहतात, पण स्नायूंना ती ऐकू येत नाही; श्वसनाचे स्नायू लुळे पडले की प्राणावर बेतते. म्हणूनच नागदंशात विनाविलंब रुग्णालय गाठणे अत्यावश्यक ठरते.

तिसऱ्या प्रकारात ग्राहीचा आतला भाग स्वतःच विकर असतो. पेशींच्या वाढीचे अनेक संदेश या मार्गाने येतात. स्तनांच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हर-२ नावाचा असा ग्राही गाठीच्या पेशींवर प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो आणि ‘वाढा’ हा निरोप पेशींना सतत मिळत राहतो. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध याच ग्राहीला बाहेरून पकडते. त्यामुळेच गाठीच्या तपासणीत हर-२ची चाचणी आता नेमाने केली जाते.

इन्शुलिनचा ग्राही आणि मधुमेह

इन्शुलिनचा ग्राही याच तिसऱ्या प्रकारातला आहे. त्याचे दोन भाग पटलाबाहेर आणि दोन भाग पटलातून आत गेलेले असतात. इन्शुलिन बाहेरच्या भागांवर बसले की आतले दोन भाग परस्परांना फॉस्फेट जोडतात. मग त्यांच्याभोवती अन्य प्रथिने जमतात आणि निरोप हातोहात पुढे जातो. स्नायू व मेदपेशींच्या आत लहान पिशव्यांमध्ये साखर वाहून नेणारी प्रथिने साठवलेली असतात. निरोप मिळताच या पिशव्या पृष्ठभागाशी येऊन पटलात मिसळतात आणि रक्तातील साखर पेशीत शिरू लागते. यकृताला त्याच वेळी ‘आता साखर सोडू नका’ असा निरोप मिळतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात; निरोप निघतच नाही. म्हणून त्या रुग्णांना बाहेरून इन्शुलिन देणे अपरिहार्य असते. दुसऱ्या प्रकारात बिघाड बहुधा निरोपाच्या वाटेत असतो. पुष्कळ रुग्णांत ग्राही ठाकठीक असतो; त्याच्या पुढच्या कड्या मंदावलेल्या असतात. स्नायू आणि यकृत यांच्या पेशींत मेद साचला की या कड्यांच्या कामात अडथळा येतो. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडून काही वर्षे ही उणीव भरून काढते. त्या काळात तपासणीतील साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसू शकते. पुढे स्वादुपिंड थकते आणि मग आकडा वाढतो. मधुमेहाचे निदान होते त्या दिवशी विकार सुरू झालेला नसतो. निरोप ऐकू न येण्याची प्रक्रिया कित्येक वर्षे आधीपासून चालू असते.

आठवड्यातून एकदा टोचून घेण्याच्या नव्या औषधांमागील तत्त्वही येथे समजून घेता येते. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि स्वादुपिंडाच्या पेशींवरील ग्राहीवर बसते. हा ग्राही जी-प्रथिनाच्या कुळातला असून पेशीत चक्रीय एएमपी वाढवतो व इन्शुलिनच्या स्रावाला बळ देतो. मूळ संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइडसारखी औषधे त्याच ग्राहीवर बसतात, पण कित्येक दिवस टिकतात. सदरलँड यांनी यकृताच्या तुकड्यांत शोधलेला दूत अशा रीतीने आजच्या उपचारांतही काम करीत आहे.

आणि पटकीप्रमाणे येथेही एक शाबूत वाट आहे. स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा त्या साखरवाहक प्रथिनांच्या पिशव्या इन्शुलिनच्या निरोपाखेरीज, वेगळ्या मार्गाने पृष्ठभागाशी येतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही ही वाट बहुतांशी चालू असते. भरभर चालताना किंवा अंगमेहनतीचे काम करताना स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतात. शिवाय व्यायामानंतर कित्येक तास, पुष्कळदा दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यांना इन्शुलिनचा निरोपही अधिक स्पष्ट ऐकू येतो. वजन उतरले आणि पेशींतील साचलेला मेद घटला की मूळ वाटही हळूहळू मोकळी होऊ लागते. औषधाची गोळी किंवा इन्शुलिन डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘रोज चाला’ हा सल्ला मात्र गोळीच्या जोडीला दिलेली औपचारिक सूचना नसून तो पेशीच्या पातळीवर काम करणारा उपचार आहे, एवढे यातून ध्यानात यावे. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून महिन्यातून एकदा लांबचा फेरफटका मारण्यापेक्षा रोजचे अर्धा तास चालणे अधिक मोलाचे ठरते.